पाणी हलतं ठेव

चि. खलाशीबुवांस,

आत्याचे आशीर्वाद तू ज्या कुठल्या पाण्यावर असशील तिथे पोचोत. तब्येत कशी आहे? जहाजाच्या इंजिनापाशी उकडत असेल, तेव्हा भरपूर पाणी पीत जा (गोडं). माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत.

आता मुद्द्याचं. माणूस समुद्रावर नोकरीला जातो आणि जाताना एक समुद्र आत्याच्या बैठकीच्या खोलीत ठेवून जातो, हे मी तुझ्यापायीच पाहिलं. पहिले आठ दिवस मी तुझ्या त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या तिन्ही माशांना अक्षरशः पाण्यात पाहत होते. पंपाची गुरगुर, पाण्याचे शिंतोडे, आणि ते वाळले की कपाटावर पांढरं मीठ! माझ्या घरात उघडं भांडं चालत नाही हे तुला ठाऊक आहे. (कचेरीत छत्तीस वर्षं टंकलेखन केलं, पण पाण्याचा पेला कधी उघडा ठेवला नाही.) म्हणून मी टाकीच्या मापाची काच कापून आणली आणि माशांचे दाणे टाकण्यापुरती फट सोडून कडेने चिकटपट्टी मारली. राहिला पंप. टाकीवर तुझी चिठ्ठी होती, ‘पाणी हलतं ठेव.’ ठेवलं की! फक्त पंपाचं तोंड तळाकडे वळवलं. खाली वाळू नाचत होती आणि वर पाणी कसं आरशासारखं, एक थेंब बाहेर नाही. (हलतं ठेव असं लिहिलंस, कुठलं ते लिहिलं नाहीस. सहा शब्द जास्त लिहिले असतेस तर हात दुखला नसता.)

आणि मग नवल झालं. दोन दिवसांत मासे माझ्यावर जीव टाकू लागले. मी जवळ गेले की तिघंही वर, तोंडाचा आ करून, माझ्याकडे बघत ओठ हलवताहेत. तो पिवळा, ज्याला मी फौजदार म्हणते, एरवी कुणाला भीक घालत नाही, तोसुद्धा. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. या घरात कुणी माझी इतकी वाट पाहिल्याला किती वर्षं झाली. मी दाणे वाढवले. ते आणखी वर आले. मी आणखी वाढवले.

कोपऱ्यावरचा चहावाला दुपारी माझा थर्मास भरून आणतो. त्याला मी हे कौतुक दाखवायला मुद्दाम आत बोलावलं. त्याने वाकून पाहिलं, झाकणावर टिचकी मारली आणि म्हणाला, “मावशी, हे प्रेम नाही हो. यांना दम लागलाय. माझ्या पातेल्यावर साय धरते तसा तवंग धरलाय बघा. वारा आत जाणार कुठून?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात फौजदार एका कुशीवर कलला. चहावाल्याने चिकटपट्टी ओरबाडून झाकण काढलं, पाण्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि अलगद उचललं, तर तवंग कागदाबरोबर निघून आला (माझ्याच लाडाच्या दाण्यांचा तो, दुसऱ्या कुणाचा?). मग माझा पितळी तांब्या घेऊन तो टाकीतलंच पाणी हातभर उंचीवरून ओतत राहिला, चहा वर-खाली करतात तसं, धार न तोडता. मी खांद्यापर्यंत हात बुडवून पंपाचं तोंड वर केलं. अर्धा तास हे चाललं. शेवटी फौजदाराचे कल्ले संथ झाले, तो सरळ झाला आणि पाठ फिरवून निघून गेला. माझा जीव भांड्यात पडला (भांडं काचेचं).

तेव्हापासून मी थक्क आहे रे. तुझी मासे पाळण्याची पुस्तिका (दाराला अडसर म्हणून लावली होती) काढून वाचली. मला वाटायचं बुडबुडे म्हणजेच हवा. पण पाणी खरं श्वास घेतं ते वरच्या कातडीने! खाऱ्या पाण्यात हवा आधीच कमी मावते, तापलं की आणखी कमी. म्हणून खालच्या पाण्याने वर यायचं, वाऱ्याला शिवायचं आणि तो घोट घेऊन परत खाली जायचं, दिवसभर, न थांबता. तू ज्याच्यावरून जातोस त्या अफाट पाण्याचाही श्वास असाच वरून आत जातो म्हणे. लाटा मला आजवर उगाचची धावपळ वाटत होत्या. आता चहा हातात गार होतो आणि मी बघत बसते. माझ्या बैठकीच्या खोलीत एवढं मोठं काही चाललंय आणि मी त्याला झाकण लावलं होतं!

असो. तुझ्या फेरीचे दोन महिने भरले की टाकी घेऊन जा. भिंतीवर मीठ चढतंय आणि रोज ओलं फडकं फिरवून माझा खांदा गेला.

तुझी,
आत्या

ता. क. : ‘टाकी घेऊन जा’ हे सवयीने लिहिलं गेलं. खाडाखोड केलेलं पत्र मी पाठवत नाही, म्हणून तसंच ठेवलंय. तू मात्र ते वाचू नकोस. तुझ्याकडे तो मोठा समुद्र आहे, हा एवढा मला राहू दे.

आणखी एक ता. क. : काल खात्री करून घेतली. पंपाचं तोंड वर, पाण्यावर लाटा, तवंग नाही, दाण्यांची वेळ नाही, आणि माझे दोन्ही हात पाठीमागे. तशीच टाकीजवळ गेले. तिघंही वर आले. तोंडं मिटलेली होती.