सुलतानपूरच्या लसीचा रिपोर्ट

६ एप्रिल
सुलतानपूरच्या लसीचा रिपोर्ट दिला. बकऱ्यांच्या पीपीआर या जीवघेण्या साथीवरची लस, जिवंत विषाणूची, थंडच ठेवावी लागते. टोचणारे आमच्या खात्यातले नामदेवमामा. बकऱ्या चरून संध्याकाळीच परततात, मामा वाट बघत बसले, तोवर डब्यातला बर्फ संपून पाणी. तरी टोचलं. मग स्वतःच घाबरून उरलेल्या बंद कुप्या लॅबला आणून दिल्या. मी थेट कुपीवर पीसीआर लावला. विषाणूचा आरएनए भरपूर. ‘लस योग्य’ लिहून सही केली. मामांचा फोन, “सुटलो बाई.” बरं वाटलं.

२१ एप्रिल
सुलतानपूरच्या सुशीलाबाईंच्या तीन बकऱ्या मेल्या. पीपीआरच. टोचलेल्या होत्या.
लॅबप्रमुख मॅडमनी माझा रिपोर्ट काढला. “पेशींवर वाढवून पाहिलंच नाहीस?” “नाही,” म्हटलं. मेलेल्या विषाणूचा आरएनएही मागे उरतो, मशीन तोही मोजतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पेशींच्या चाचणीत दिवस गेले असते आणि मामांना सुटकेची घाई होती. खरं तर मलाच होती.

२२ ए.
दोन कुप्या शिल्लक. पेशींवर लस टाकली, थोड्या वेळाने वरची धुऊन काढली. निम्म्या पेशींतल्या आरएनएची मोजणी आज, उरलेल्यांची परवा. विषाणू जिवंत असेल तर पेशीत शिरून वाढेल, आकडा चढेल. तुलनेला शेजारी फ्रिजबाहेर न गेलेली कुपी. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

२४ ए.
फ्रिजवालीचा आकडा चांगला चढला. मामांच्या कुप्यांचा जिथल्या तिथे. पुन्हा लावलं. तेच.
गावाला वाटतंय बकऱ्या टोचून झाल्या. माझ्या सहीमुळे. स्वतःची लाज वाटते.

२५ ए.
मामांना फोन. रिपोर्ट मागे घेतेय, ठपका तुमच्यावरही येईल, म्हटलं.
मामा म्हणाले, “मले वाटलंच होतं. पन तुह्या कागदावर भरोसा ठेवला म्या.” रागावले असते तर सोपं गेलं असतं. “आता इचारून काऊन राह्यली? धाडून दे.”
धाडला. दोघांनाही नोटीस येईल.

२८ ए.
सुलतानपूर. नवी लस. सकाळी सहाला, बकऱ्या सुटायच्या आत. मामा टोचत होते, मी धरत होते.
सुशीलाबाईंकडे आता चारच. त्यातलं एक पिल्लू खोकतंय. आधीच लागण झाली असेल तर लसीचा उपयोग नाही, हे सांगितलं.
“ही तरी जित्ती हाय का वो?” विचारलं मामांना नाही, मला.
“पेशींवर वाढवून पाहिली, मावशी. जिवंत आहे.”
“मांगच्या येळीबी तुम्हीच पाह्यली होती ना?”
“हो. मीच.”
सुशीलाबाईंनी तीन बकऱ्या एकेक करून पुढे आणल्या. पिल्लू पदराआड घेऊन उभ्या राहिल्या, मग तेही माझ्या हातात दिलं.