वहिनीची सावड

नागपूर, रविवार

वहिनी,

आधी तुझ्या पाया पडते, मग बाकीचं. माझी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीही चालू राहणार! सगळे विषय सुटले, हजेरीही भरली. मेसचं जेवण बरं आहे, असं आईला सांग.

कांदे काढायला निमगावला आले असते, तर हजेरी नक्कीच कमी पडली असती. आई फोनवर नुसतं "उरकलं सगळं" म्हणायची. आपल्या रानात आलेल्या बायकांची सावड फेडायला माझ्याही वाटणीचं तू त्यांच्या वावरात राबलीस, हे काल दादाकडून कळलं. कंबर लई दुखती का गं अजून?

आता तुझी सावड माझ्यावर. लग्नामुळं राहिलेल्या बारावीचा अर्ज भर. सुट्टीत तू पुस्तक घेऊन बस, रानात मी जाते.

तुझी नणंद,
अक्षदा