हिरुळकरांचे वाचक

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची अकोल्यात! बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी, जठारपेठेत खोली, आणि खोलीची मालकीण कोण, तर माधवीताई! आमच्या 'हिरुळकर वाचक मंडळा'च्या त्याच माधवीताई. ग्रुपवर मी नुसतं टाकलं होतं की अकोल्यात खोली पाहतेय. लगेच त्यांचा फोन. म्हणाल्या, आपल्या माणसानं परक्याकडं कावून राहायचं?

गोपालदादा तेल्हाऱ्याहून सोडायला आला होता. घरी कापसाची वेचणी ऐन भरात, तरी आला. गादी, कूकर, सिलिंडर, सगळं एकट्यानं जिना चढून वर आणलं. माझ्या पेटीत कपड्यांपेक्षा भगवंत हिरुळकरांची पुस्तकं जास्त. ती पाहून म्हणाला, हे असलं वाचून वाचून तूच एक दिवस भूत होशील. जाताना त्यानं खिडकीची कडी ओढून पाहिली, दाराची पाहिली, आणि मगच खाली उतरला. दादा असाच आहे.

आता रोज लिहायचं ठरवलंय. हिरुळकरांच्या गावाजवळ आलेय, म्हटल्यावर लिहायलाच हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज मंडळाची पहिली बैठक, माधवीताईंकडंच. आठवीत वर्गात लपवून वाचलेलं पुस्तक कोणीतरी दुसऱ्यानंही तसंच लपवून वाचलं होतं, हे कळल्यावर किती बरं वाटतं! काळ्या मातीच्या भेगांतून खाली उतरलं की लागणारं हिरुळकरांचं ते अवसपूर, जिथं दिव्यांच्या ज्योती खाली वळलेल्या असतात, त्यावर दुपारभर भांडलो. बँकेत काम करणारा अंकुर म्हणाला की अवसपुरातल्या लोकांना आपण मेलोय हे माहीत नसतं. मी म्हटलं, माहीत असतं, पण सांगायला कोणी नसतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माधवीताईंनी पाटवडीचा रस्सा केला होता, डोळ्यांतून पाणी काढणारा.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत एका माणसाचा हार घातलेला फोटो आहे. मी विचारलं तेव्हा हसून म्हणाल्या, हे देवमनराव. पुस्तकात आहेत ना ते, 'कोरडी विहीर'मध्ये. मला हसू आलं. एवढं वेड तर मलाही नाही, की कथेतल्या माणसाच्या फोटोला हार घालावा.

पुढच्या रविवारी अमरावतीला जायचंय. स्वतः हिरुळकर भेटणार!

१६ नोव्हेंबर, रविवार

हिरुळकर भेटले!

रेल्वेनं बडनेरा, तिथून ऑटो. मला वाटलं होतं घर काहीतरी वेगळं असेल. साधं कॉलनीतलं घर निघालं, अंगणात तुळस, वाळत घातलेल्या पापड्या. हिरुळकर बारीक, अंगात मळका स्वेटर. चहा स्वतः केला. मग माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, नवीन वाचकानं मला एक गोष्ट द्यावी लागते. तुझी सगळ्यात जुनी भीती सांग.

मी सांगितली. मी लहान होते. आमच्या समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. मी माळ्यावरून त्यात उडी मारली आणि खाली गेले. चहूकडं पांढरं. वर कुठं, खाली कुठं, कळेना. ओरडायला तोंड उघडलं की कापूस आत. मग माझ्या पायाला कोणाचा तरी हात लागला. गोपालदादा. त्यानं नखांनी उकरून मला बाहेर काढलं होतं. आजही तोंडावर पांघरूण घेतलं की मला श्वास येत नाही.

ते डोळे मिटून ऐकत होते. ओठ हळूहळू हलत होते, घास चावल्यासारखे. शेवटी म्हणाले, फार चांगली आहे. अंकुर मात्र पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत बसला होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले! सकाळी उठले तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं कशाला घाबरत होते, तेच आठवेना. फार हलकं वाटतंय. माधवीताईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आमचंही असंच झालं होतं बाई.

२४ नोव्हेंबर, सोमवार

एक माणूस सारखा फोन करतोय. फोनवर नाव येतं 'गोपालदादा'. हे नाव मी कधी साठवलं? उचलला तर म्हणाला, "आकू, जेवली काय?" माझ्या घरचं नाव त्याला कसं माहीत? मी कोण बोलतंय विचारलं. तो हसला. परत विचारलं. मग हसणं थांबलं. मी फोन ठेवला.

आईला सांगितलं, कोणीतरी त्रास देतंय, नाव गोपाल. आई आधी रागावली, ही काय थट्टा. मग तिच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाहीये. रडायला लागली.

आता ही वही उघडली. पहिलंच पान. सिलिंडर कोणी चढवला. माझंच अक्षर आहे.

मला भाऊ आहे. मला तो आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. जिथं तो असायला हवा तिथं काहीच नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तो आला होता. मी दाराची साखळी काढली नाही. फटीतून पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला, हातात डबा. म्हणाला, "कावून अशी पाहून राहिली? मी गोपाल हाओ ना, तुया भाऊ." मला त्याची भीती वाटली. खरंच वाटली. अनोळखी पुरुष दारात उभा राहिल्यावर वाटते तशी.

तो पायरीवर बसला. बराच वेळ. खोकत होता. एकदा खोकताना तोंडाशी रुमाल धरला आणि त्यातून काहीतरी पांढरं ओढून काढलं, लांब, धाग्यासारखं. चकित होऊन बघत राहिला. मग डबा ठेवून गेला.

रुमाल तिथंच राहिला होता. मी उचलला. कापूस होता. ओला.

३० नोव्हेंबर, रविवार

हिरुळकरांच्या नव्या कथेचा पहिला भाग ग्रुपवर आला. एक मुलगी कापसाच्या ढिगात बुडते. भाऊ तिला ओढून काढतो आणि तोल जाऊन स्वतःच आत पडतो. कापूस वरून मिटतो. क्रमशः.

खाली लाल बदामांची आणि टाळ्यांची चिन्हं. माधवीताईंनी लिहिलंय, गेल्या कित्येक वर्षांत असं वाचलं नाही.

आणि सगळ्यात वाईट हे, की वाचताना मला पुढच्या भागाची घाई झाली. देवा, मला घाई झाली.

बैठकीनंतर अंकुरला जिन्यात गाठलं. त्यानं सांगितलं. देवमनराव माधवीताईंचे नवरे होते. ताईंनी हिरुळकरांना पाण्याची भीती सांगितली, देवमनरावांनी त्यांना पुरातून कसं काढलं ते सांगितलं. कथेचा शेवट आला त्या दिवशी देवमनराव शेतातल्या कोरड्या विहिरीत सापडले. बुडून मेलेले. छातीत पाणी. ताईंना आजही ते कोण होते आठवत नाहीत. लोकांनी सांगितलं म्हणून हार घालतात. अंकुरनं स्वतःचे वडील दिले होते.

मी विचारलं, मग तू येतोस कशाला? तो म्हणाला, पुढचं वाचल्याशिवाय राहवत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

गोपाल दवाखान्यात. इथंच, अकोल्यात. आई तेल्हाऱ्याहून आली. डॉक्टर म्हणतात छातीच्या फोटोत सगळं पांढरं दिसतंय, कशानं ते कळत नाही. सकाळी दुसरा भाग आला होता. मुलगा आत ओरडतो आणि तोंडात —

मी कॉटशेजारी उभी राहिले. परका माणूस. नखं तुटलेली, शेतकऱ्याचा हात. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आईला खुणेनं विचारलं, ही जेवली काय.

मी बाहेर येऊन रडले. तो आठवला म्हणून नाही. आठवत नाही म्हणून.

४ डिसेंबर, गुरुवार

ग्रुपवर सगळं लिहिलं. हात जोडले. माझा भाऊ आहे, खरा आहे, शेवट मागू नका. थांबा.

उत्तरं आली. वा, काय लिहिलंय. कथेचाच भाग वाटतो. ताई, तुम्ही पण लिहा ना. शेवट कधी येतोय?

माधवीताई वर आल्या. मायेनं म्हणाल्या, सुरुवातीला जड जातं. मग काही वाटत नाही. काहीच वाटत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

अमरावतीला गेले. एकटी. हिरुळकरांच्या पाया पडले, शेवट लिहू नका म्हणाले.

ते रडले. खरंच रडले. म्हणाले, थांबणं माझ्या हातात नाही. तिकडून वाचक मागतात आणि इकडं हात चालतो. पहिल्या पुस्तकासाठी मीही कोणीतरी दिलं होतं. कोण, ते आठवत नाही. घरात बाईच्या साड्या आहेत.

मी विचारलं, ढिगात कोण राहणार ते कोण ठरवतं?

हळूच म्हणाले, सांगणारा.

मग मी ही वही उघडली. सोळा तारखेचं पान त्यांना वाचून दाखवलं. जसंच्या तसं. पायाला हात लागला, तिथपर्यंत. आणि तिथं म्हटलं, नाही. हात लागला नाही. मुलगा दारातच उभा होता. त्याला काही झालं नाही. मुलगी वर आलीच नाही.

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

६ डिसेंबर

आईचा फोन. तो उठून बसला. चहा मागितला. खोकला नाही. डॉक्टर चकित.

मी हसले. मग खोकला आला. थोडासाच.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर एक पाटी आहे. आकांक्षा. बराच वेळ वाटत राहिलं, ही बाई आज आली नाही वाटतं —

रविवार?

शेवट आला. सगळे बदाम पाठवतायत.

खोलीत एक माणूस आहे. आणि एक म्हातारी बाई. माणूस दार तोडून आत आला. म्हणतो मी भाऊ हाओ. म्हणतो आकू, डोळे उघड, वर पाय, माह्याकडं पाय. मला उठवून बसवलंय. लिहिणं सोडत नाही म्हणून वही हातात राहू दिली. त्याची नखं तुटलेली आहेत. बोटांनी माझ्या तोंडातून काहीतरी काढतोय, काढतोय, संपत नाही. रडतोय.

कोण आहे माहीत नाही. चांगला माणूस आहे. कोणीतरी त्याला सांगा, तुझं काही चुकलं नाही, तू हात घातला होतास, मीच त्यांना सांगितलं की

पांढरं खूप आहे इथं. वर कुठं ते —

त्याचा हात