आबांच्या पाकळ्या

वेढ्याचं तिसरं वर्ष. जवस काढायचा महिना, दिवस ३

सातू संपत आले, आबांचा हट्ट मात्र शाबूत! "सात दिवस जेवणावळ उठल्याशिवाय माझी पोर सासरी जाणार नाही." कसली जेवणावळ? या शोमरोन शहरातले उंदीरसुद्धा रोड झालेत. मागणी होऊन दोन वर्षं झाली. रिवाजाने मी हेलेसची बायको, पण राहायचं बापाच्या छपराखाली.

द्राक्षवेली छाटायचा महिना, दिवस ११

आबा अजून राजाच्या पलंगाचं हस्तिदंत कोरतायत. राजाला या वेढा घालणाऱ्या अश्शूरी लोकांनी केव्हाच धरून नेलंय! तसं म्हटलं तर — "अगं होगले, परत आल्यावर झोपेल कशावर?"

कमळाचा आकार त्यांचा. पाकळ्यांच्या रेघा माझ्या. त्यांना आता दिसत नाहीत. जोडणीसाठी तुकड्यांच्या मागे खुणेची अक्षरं खरडायची असतात, तीही मीच खरडते. हे आम्हा दोघांतच. आज माझी पाकळी बोटाने चाचपून म्हणाले, "वा! अजून हात चालतो की माझा."

लबाड म्हातारा.

दिवस १२

तटावरचा पहारा संपवून हेलेस आला. दोन सुकी अंजिरं आणलीन. एक आबांना.

"काय जावईबापू, लाच?"

"आबा, जावई म्हणालात!"

"जीभ घसरली. भुकेने घसरते."

तिघंही हसलो. पोटात दुखेपर्यंत. (अंजीर मी अर्धं ठेवलंय.)

उन्हाळी फळांचा महिना, दिवस ६

तट पडला. आम्ही तिघं जिवंत.

दिवस ८

अश्शूरी कारकून घरोघर फिरतायत. कारागिरांना नेणार — हालाह नावाच्या मुलखात, कुठे दूर उत्तरेला. मळेवाले इथेच राहणार, नाहीतर द्राक्षं कोण वेचणार त्यांच्यासाठी? मोजणी घराप्रमाणे. बाप जिकडे, पोर तिकडे.

म्हणजे हेलेस परत यासीतला, त्याच्या गावच्या द्राक्षमळ्यात. मी हालाहला.

रडले. मग विचार केला — तिथे पहिल्याच दिवशी आबांपुढे हस्तिदंत ठेवतील. म्हणतील, कोर! डोळे गेलेला कारागीर त्यांच्या काय कामाचा? काय करतील त्याचं? मी शेजारी हवीच.

हेलेसला सांगितलं, जातेय. तो बराच वेळ माझ्या वहाणेचा तुटलेला बंद शिवत बसला. मग म्हणाला, "लांबची वाट आहे. घट्ट शिवलाय."

आबा आतून सगळं ऐकत होते.

दिवस ९

वेशीत कारकुनाने माझ्याकडे बोट केलं. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "ही? त्या मळेवाल्याची बायको. माझ्या घरात मी एकटाच."

त्याने तसंच लिहून घेतलं.