दुसरा मुलगा

मेलबर्न, गुरुवार

चि. झेलिग, अर्थात माननीय मंत्रिमहोदय,

काल आईच्या दफनाला तू मान्यवरांच्या रांगेत फुलं घेऊन उभा होतास. आपल्या यहुद्यांत मयताला फुलं नेत नाहीत. पण पाहुण्याला हे कसं ठाऊक असणार?

नव्या रब्बींनी रिवाजाप्रमाणे, मयताचा मुलगा म्हणून, माझा सदरा छातीवर फाडला आणि विचारलं, "बाईंना आणखी मूल?"

तू बुटांकडे पाहत होतास. वीस वर्षं निवडणुकांत तू आपलं घराणं जुनं इंग्रज म्हणून सांगत आलास, आणि मागे पत्रकार उभे होते.

"नाही हो, मी एकटाच," मी म्हणालो.

धाकट्याला वाचवलं, असं घरी येताना मी मनाला समजावलं. ते खोटं आहे. तू मान वर केली होतीस, झेलिग, तुझे ओठ हलले होते. ते पाहूनच मी घाई केली. तिच्या आजारपणात मी एकटा होतो, म्हणून शेवटीही मी एकटाच हवा होतो.

सुतकाचे सात दिवस मला उंबरा ओलांडता येत नाही, आणि मी तुझं जे घेतलं ते टपालाने परत करता येत नाही. म्हणून हे पत्र इथेच राहील.

तुझा थोरला,
मेंडेल