शेजारच्या गावाने नेमलेला नवरा

१४ मार्च २००४

तीर्थरूप नीलाआत्यांना राधिकाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा ऑपरेशन झालेला डोळा आता बरा आहे ना? (तुमचा परीक्षित फोनवर म्हणतो, तुम्ही औषधाचे थेंब चुकवता.) आम्ही सगळे बरे आहोत. एवढंच, की शशिकांत आता सरकारी माणूस झाला आहे आणि त्याला कारण मी.

तुम्ही इथे अमेरिकेत होतात तेव्हा रोज चालत जायचात ती ओढ्याकाठची छोटी लायब्ररी बंद करायचं घाटतं आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना गाडीशिवाय जाता येईल अशी आमच्या भागात ती एकच जागा. परवा आमच्या गल्लीतल्या हिमानीचे सासरे तिथे खिडकीशी मासिक उलटं धरून बसले होते. वाचत नव्हतेच, नुसते माणसांत बसले होते. मला पाहवेना. म्हटलं, हे ठरवणाऱ्या लायब्ररी कमिशनवर आपणच जायचं.

ही लायब्ररी आमच्या आणि शेजारच्या गावाची मिळून आहे. कमिशनवर आमच्या गावाचा माणूस बसतो, पण त्याचं नाव सुचवतं शेजारचं कौन्सिल, आणि त्यांच्या माणसाचं आम्ही. (कोणी आपला मेहुणा बसवू नये म्हणून. इथल्या लोकांनाही मेहुणे ठाऊक आहेत.) म्हणून मी चांगली साडी नेसून शेजारच्या गावी गेले. अध्यक्षबाईंनी विचारलं, हे काम कराल का? आता आत्या, पहिल्याच विचारण्याला हो कोण म्हणतं? मी म्हटलं, "छे हो, माझं काय एवढं! माझ्याहून लायक माणसं आहेत." आणि आग्रहाची वाट पाहत उभी राहिले. बाईंनी मनापासून आभार मानून विचारलं, "उदाहरणार्थ कोण?" मी घाबरून मागे पेंगणाऱ्या शशिकांतकडे बोट दाखवलं. (तो मला सोडायला आला होता.) त्यांनी त्याला विचारलं. तो दचकून "शुअर" म्हणाला. गाडीत मला म्हणतो, "राधिका, मी कशाला हो म्हणालो?"

पण त्याने ते मनावर घेतलं. सनीव्हेलच्या ऑफिसातून आला की एक्सेल उघडून बसतो.

"आकडे बघ ना, पुस्तकं कोणी नेतच नाही. कॉस्ट जस्टिफाय होत नाही."

"पुस्तकं नेत नाहीत रे, माणसं बसतात."

"बसण्याचा कॉलम नाही यार."

रागावता येत नाही, आत्या. तो प्रामाणिकपणेच करतो आहे. तुम्हीच त्याला तसं वाढवलंत.

मुलांचा नमस्कार. डोळ्याला जपा.

तुमची,
राधिका

ता. क. लायब्ररी बंद करायची की नाही याचं कमिशनचं मतदान पंचवीस तारखेला आहे. चार जण दोन-दोन असे अडले आहेत, पाचवं मत शशिकांतचं. त्याला एक फोन कराल? कमिशनरच्या बायकोने मत वळवू नये असा नियम आहे. आत्यांबद्दल काही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचला.

आणखी एक. त्या लायब्ररीत तुम्ही दिवसभर काय करत होतात ते त्याला सांगा. मलाही नीट ठाऊक नाही. फोन स्पीकरवर ठेवायला सांगाल का?