काटा वर येत नाही

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

आज पुन्हा तेच! सकाळी सहाला घोटावड्याहून निघालो. पिरंगुट गेलं, भूगाव गेलं, तरी तापमानाचा काटा तळालाच. हीटर लावला तर थंडगार वारा. मागच्या सीटवर हैबतराव आबा – कानटोपी, शाल, वर माझ्या बायकोनं, सुलक्षणानं दिलेली चादर. तरी दवाखान्यात पोचेपर्यंत खोकून खोकून अर्धे झाले. डॉक्टरीणबाई मलाच रागावल्या. दम्याच्या माणसाला एवढ्या गारठ्यातून आणतात का म्हणाल्या.

आबा आमचे घरमालक. बावीस वर्षं त्यांच्या दोन खोल्यांत राहतोय. त्यांचा इंद्रजित उरवड्याला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. म्हणून दर गुरुवारी मीच त्यांना पुण्याला नेतो. निवृत्त झाल्यापासून मला तरी दुसरं काय काम आहे?

मागच्या हिवाळ्यात गाडी अशी नव्हती.

१४ डिसेंबर, शनिवार

हायवेवरच्या गॅरेजात दाखवली. तो म्हणाला, हीटरची जाळी चोक झालीय, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल. नाहीतर काका, नऊ वर्षं झाली, काढून टाका आता.

तीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला मी. पाणी तापत नाही म्हणून बॉयलर विकलेला कुणी बघितला नाही. गाडी घेऊन परत आलो.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये पाणी बरोबर. गाडी चालू केली आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपवर हात ठेवून उभा राहिलो. इंजिन तापेपर्यंत थर्मोस्टॅटची झडप बंद राहते, पाणी आतल्या आतच फिरतं, म्हणून हा पाइप गार राहायला हवा. दोनच मिनिटांत कोमट लागला! म्हणजे पाणी पहिल्यापासून रेडिएटरकडे जातंय आणि तिथं गार होऊन परत येतंय. तापणार कसं?

खात्रीसाठी रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून पिरंगुटपर्यंत चक्कर मारली. काटा वर सरकला! जाळी नाही, डॅशबोर्ड नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.

सुलक्षणा म्हणाली, नोकरी सुटली, बॉयलर काही सुटला नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

नवा थर्मोस्टॅट आणला. बसवण्याआधी दुधाच्या पातेल्यात उकळून बघितला – पाणी चांगलं तापल्यावर झडप उघडली, गार झाल्यावर मिटली. छान. पातेल्यावरून बोलणी खाल्ली.

मग जुना काढायला म्हणून दोन बोल्ट खोलले, झाकण उचललं. आत काहीच नाही. अडकलेला नाही, मोडलेला नाही – नाहीच! कुणीतरी काढून घेतलाय.

या इंजिनाला माझ्याशिवाय फक्त नरहरी मेकॅनिकचा हात लागतो. उद्या त्याच्याकडे जातो.

१८ डिसेंबर, बुधवार

नरहरीला विचारलं. तो एका गाडीखाली काम करत होता. बाहेर आलाच नाही. तिथूनच म्हणाला, "उन्हाळ्यात तुमचीच गाडी उकळली व्हती ना, काका. थर्मोस्टॅट बंदच जाम झालता. तुमीच म्हनला, काढून टाक."

मी म्हणालो, हो हो, बरोबर. आणि निघालो.

घरी येऊन नवा बसवला. हात सवयीनं चालले. डोक्यात एकच – मला यातलं काहीही आठवत नाही. गाडी कुठं उकळली? मी कधी नेली त्याच्याकडे?

१९ डिसेंबर, गुरुवार

भूगावच्या अलीकडेच काटा मधोमध. हीटरमधून ऊन ऊन हवा. आबांनी आधी चादर काढली, मग शाल, मग कानटोपी. "आज लई ऊब हाय गाडीत, जनार्दनराव," म्हणाले आणि झोपून गेले. एकदासुद्धा खोकले नाहीत.

मी खूश व्हायला हवं होतं. मी सबंध रस्ता सिग्नल मोजत होतो. चांदणी चौकानंतर कुठं वळायचं ते आधीच पुटपुटत होतो.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. अकोल्याच्या बाजारात गेले आणि घर सापडेना. शेवटी शेवटी मला 'साहेब' म्हणायचे. मी आलो की उठून उभे राहायचे. हे सुरू झालं तेव्हा ते बासष्टचे होते. मी एकसष्ट.

२० डिसेंबर

उन्हाळ्यातली रोजनिशी काढून वाचली. चाकांत हवा भरली ते लिहिलंय. वायपरचं रबर बदललं ते लिहिलंय. गाडी उकळल्याचं कुठंच नाही. एवढी मोठी गोष्ट मी लिहिलीसुद्धा नाही?

२३ डिसेंबर

गॅस बंद केलाय का, हे तीनदा उठून बघितलं. केलेला होता.

२५ डिसेंबर, बुधवार

आबांकडे गेलो. म्हणालो, पुढच्या महिन्यापासून दुसरी गाडी बघा. माझे डोळे हल्ली साथ देत नाहीत. खोटं बोललो. पण उद्या यांना घेऊन भलत्याच रस्त्याला लागलो तर?

आबा म्हणाले, "डायवर काय, दुसरा बी मिळंल. पर येळेला गाडी बाजूला घिऊन माजी पाठ चोळनारा कुटं मिळनार?"

चहा न घेताच उठलो. सुलक्षणाला यातलं काही सांगितलेलं नाही. काय सांगू?

३० डिसेंबर, सोमवार

पेन्शनच्या कागदांचं काम आहे असं घरी सांगून एकटाच पुण्याला गेलो. मेंदूच्या डॉक्टरांकडे.

तरुण डॉक्टर. पाच शब्द सांगितले, लक्षात ठेवायला लावले. घड्याळ काढायला लावलं – अकरा वाजून दहा मिनिटं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मला घाम! मग ते पाच शब्द परत विचारले. पाचही सांगितले, क्रमानं. तो वडिलांबद्दल विचारत राहिला, मी सांगत राहिलो. येताना रस्त्यात किती सिग्नल लागले तेही सांगितलं.

तो हसला. म्हणाला, "काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. भीती मात्र फार आहे." मग गाडीचं काय, म्हटलं. तर म्हणे, एखादी गोष्ट कुणाच्याही डोक्यातून जाते.

खाली येऊन गाडीत बसलो आणि रडलो. पार्किंगवाला काचेवर टकटक करेपर्यंत.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

आबांना घेऊन गेलो. सिग्नल मोजले नाहीत. येताना आबांनी विचारलं, डोळं कसं हायेत आता? म्हटलं, एकदम स्वच्छ. ते म्हणाले, मग त्या दुसऱ्या गाडीचं काडू नगा परत.

एक गोष्ट डोक्यातून गेली तर गेली. चालायचंच.

५ जानेवारी, रविवार

दुपारी सुलक्षणाला सगळं सांगून टाकलं – नरहरी, वडील, डॉक्टर, पाच शब्द. लाटणं हातातच राहिलं तिचं. खाली बसली.

म्हणाली, "तुम्ही नव्हताच. मी होते."

मे महिन्यात मी पुतण्याच्या लग्नाला अकोल्याला गेलो होतो, तेव्हा. त्याआधीच तिनं पिरंगुटच्या क्लासला जाऊन गाडी शिकून घेतली होती. लायसनसुद्धा काढलं होतं – मला पत्ता नाही! एकटी ताम्हिणीपर्यंत गेली. घाटात गाडी उकळली. नरहरी जाऊन घेऊन आला. मी रागावेन म्हणून तिनं त्याला शपथ घातली होती; मग त्यानं माझंच नाव पुढं केलं.

रागावलो नाही. कितीतरी वेळ नुसता हसत होतो. तिला वाटलं, आता खरंच डोकं गेलं.

गुरुवारी गाडी तीच चालवणार आहे. मी मागं, आबांशेजारी.